खाणीच्या पाण्यातले देवाचे मासे

तलावात मासा उडाला की माणूस आवाज झाल्यावर त्या बाजूला बघतो. तोपर्यंत मासा खाली गेलेला असतो. उरतात ती वर्तुळे, थोडा फेस, कधी एखाददुसरा बुडबुडा. माझ्या नोकरीचा बराच भाग या उरलेल्या गोष्टींवरून मासा कोणता होता हे सांगण्यात गेला.

मी गोव्याच्या मत्स्य खात्यात गोड्या पाण्याकडे होतो. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली तळी, बंधारे, शेततळी आणि अलीकडच्या काळात बंद खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे माझ्याकडे होते. खात्यात लागण्यापूर्वी काही वर्षे म्हापशातल्या एका वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या. तिथल्या उपसंपादकाने एक गोष्ट शिकवली होती: पाहिलेले एका वाक्यात लिहायचे, ऐकलेले दुसऱ्या वाक्यात, आणि दोन्हींची सरमिसळ करायची नाही. पुढे माशांच्या कामात ही सवय पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडली. पाण्याच्या काठावर उभा असलेला प्रत्येक माणूस ऐकलेले सांगतो आणि पाहिले असे म्हणतो.

ओळखण्याची रीत अवघड नाही. शेवटा हा खाडीतला मासा सरळ वर उडतो, कुशीवर पडतो आणि एकाच दिशेने पुन्हा उडत जातो. मरळ हवा घ्यायला वर येते. तिचा आवाज उचकीसारखा, आणि ती गेल्यावर मागे बुडबुडा राहतो. मांगूरही हवेसाठीच येतो, पण तो अंग वळवतो आणि पाणी ढवळल्यासारखे दिसते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पृष्ठभागावरचे खाणे ओढून घेतो, तेव्हा ओठ मिटल्याचा चप असा आवाज येतो आणि वर्तुळे एकाच जागी उमटतात. पाहणाऱ्याने आवाजाच्या मागे धावायचे नाही. एक जागा धरून तिथेच बघत राहायचे.

लोकांना मात्र मासा नको असतो, त्यांना काहीतरी मोठे हवे असते. केरीला समुद्राच्या मागे एक लहान तळे आहे. त्याच्या काठावर पाहुण्यांच्या खोल्या बांधलेल्या एका गृहस्थाने मला बोलावले. संध्याकाळी पाण्यात कोणीतरी चापट्या मारते, पाहुणे घाबरतात, असे त्याचे म्हणणे. मी बसून पाहिले. शेवटे होते, भरतीबरोबर नाल्यातून आत आलेले. तसे सांगितल्यावर त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "सायब, ते चायच्या टायमार उडतीत असां काय करूक येता?"

धारगळला हमरस्त्याला लागून एक शेततळे होते. रस्त्यावरचे ट्रकवाले पाण्यात दगड मारतात अशी मालकाची तक्रार. दगड नव्हते. मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करत होती. मरळीची पिल्ले तांबूस असतात आणि घोळक्याने पृष्ठभागाखाली फिरतात. लांबून पाण्यात एखादे लाल फडके सरकते आहे असे वाटते. आईबाप खालून वर येऊन हवा घेत होते. मी मालकाला सांगितले की मोठे मासे धरले तर पिल्ले उरणार नाहीत. त्याने मान डोलावली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तळे शांत होते. लाल फडकेही नव्हते. मालकाने मला आमटी कशी झाली होती ते सांगितले.

डिचोली तालुक्यातल्या एका खाणगावातून पंचाचा फोन आला तो या सगळ्यानंतर. गावाचे नाव लिहीत नाही. पंचाचे नाव रमाकांत, वय पन्नाशीचे, स्वतःचे लहानसे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, असलेला माणूस. तो म्हणाला, "आमच्या खाणीच्या पाण्यात भर दनपारां कायतरी उडता. मगर असली तर वनखाता, मासो असलो तर तुमी, आनी दोनय नसलां तर भुतां बघपी घाडी. तुमका पयलो फोन केलो, कारण घाडी कोंबो मागता."

ज्यांनी बंद खाण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली नेलेला असतो. काम थांबले, पंप थांबले, की झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी खाली साठत जाते. भिंती लाल, पाणी हिरवट निळे आणि किती खोल ते नीट कोणालाच माहीत नाही. काठ उथळ नसतो. एक पाऊल जमिनीवर, दुसरे थेट खोलात. त्यामुळे गवत नाही, बेडूक नाहीत, बगळे नाहीत. तिथे आवाज झाला तर तो समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. एक मासा उडाला तर दोन ऐकू येतात, आणि दुसरा नेहमी पहिल्याला उत्तर दिल्यासारखा वाटतो.

या गावात खाणीचे पाणी कुळागरांना आणि भातशेतीला वर चढवत. पिंपांवर फळ्या ठोकून केलेल्या तराफ्यावर पंप बसवला होता. तराफा काठाला बांधलेला, मध्ये चालायला एक फळी. पंप चालवायला वसंत नावाचा तिशीतला माणूस होता. मी गेलो त्याच्या काही आठवडे आधी, भर दुपारी, पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढायला तो पाण्यात उतरला आणि वर आला नाही. अग्निशमन दलाची माणसे आली, पाणबुडे आले. खाली भिंतीचा एक भाग ढासळलेला असल्याचे त्यांनी सांगितले. वसंत सापडला नाही. तिथल्या खोल पाण्याच्या थंडीत बुडालेला माणूस वर येईलच असे नसते, हे मला ठाऊक होते. गावाला ते कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर दुपारी पाणी उडू लागले. तेही वसंत उतरला त्याच वेळेला आणि तराफ्याच्या भोवतीच. गावाने मग आपल्या रीतीने केले: खाणीच्या राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या रक्षक देवाला, वरच्या पायरीवरून जाड भाकरीचा रोट सोडायला सुरुवात केली. पाणी उडायचे थांबले नाही, उलट वाढले. पंप बंदच होता. वसंताचा धाकटा भाऊ गुरुदास याला ते काम मिळाले होते. पण त्यांची आई त्याला तराफ्यावर पाय ठेवू देत नव्हती.

पहिल्या दिवशी मी, रमाकांत आणि गुरुदास वरच्या पायरीवर बसलो. माझ्याजवळ दुर्बीण होती. वारा नव्हता. पाण्यावर डोंगराचे लाल प्रतिबिंब इतके स्वच्छ होते की काठ कुठे संपतो ते कळत नव्हते. रमाकांत कुजबुजत बोलत होता. मी का म्हणून विचारले, तर तो म्हणाला, "हंय मोठ्यान उलयलां की आपलोच आवाज आपणाक विचारता."

दुपार भरली तसा खाणीच्या पश्चिमेकडच्या वाटेने, जिथून पूर्वी ट्रक उतरत, समुद्रावरचा वारा आत आला. पाण्यावर बारीक सुरकुती उमटली. मग आवाज आला: टण. थोड्या वेळाने पुन्हा: टण. टण. गुरुदासने गुडघ्यांत मान घातली.

मी तराफ्याजवळची जागा धरून ठेवली होती. पाणी फुटले ते तिथेच. आधी एक वर्तुळ, मग अनेक, एकाच जागी. वर वळलेले रुंद ओठ उघडत होते, मिटत होते. चप, चप, आणि समोरच्या भिंतीवरून पुन्हा चप. मोठे मासे होते, हाताएवढे लांब आणि काळपट पाठीचे. खायला काही नव्हते, म्हणून ते एकमेकांवर चढत होते. मी म्हणालो, "कटला."

रमाकांत म्हणाला, "आनी तो आवाज?"

आवाज कुठून येतो तेही दुर्बिणीतून दिसत होते. तराफ्याच्या कठड्याला अ‍ॅल्युमिनियमचा एक डबा सुतळीने टांगलेला होता. वारा आला की तो झुलत होता आणि खालच्या रिकाम्या पिंपावर आपटत होता.

मी विचारले, "तो डबा कोणाचा?"

गुरुदास पहिल्यांदाच बोलला. "दादाचो. जेवणाक मुंयो लागतत म्हणून तो थंय बांधी."

"अजून तिथेच?"

रमाकांतने सांगितले. जो पाण्यात गेला आणि सापडला नाही, त्याची वस्तू तो ठेवून गेला तिथून हलवत नाहीत. हलवली तर त्याला परत यायची जागा कळत नाही. म्हणून तराफा तसाच होता: चपला, विडीचा कट्टा, पाना, डबा.

खाणीत कटला कसा आला, हा माझा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर गुरुदासकडे होते. गावच्या देवळाच्या तळीत पूर्वी मासे होते. त्यांचे बियाणे कधीकाळी आमच्याच खात्याने दिलेले. देवाचे म्हणून त्यांना कोणी धरत नसे आणि ते वाढत गेले. खाण खोल गेली तशी तळीचा झरा आटला. शेवटच्या उन्हाळ्यात मासे चिखलात तोंडे वर करून पडले, तेव्हा वसंताने ते बाल्दीत घालून एकेक करून खाणीच्या पाण्यात आणून सोडले. "जेवताना डब्याचा झाकण पिंपार वाजयी," गुरुदास म्हणाला, "आनी उंड्याच्या पावाचे कुटके घाली. ते येयत. आमी घरात तेका हसू, की देवाक नाय, तुकाच पावलेत. पण आता वाजयता कोण, ह्या भयान माका मासे सुचलेच नाय."

आता सगळे जुळत होते. वारा डबा वाजवत होता आणि मासे जेवणाच्या हाकेला येत होते. एरवी काही दिवस खायला मिळाले नसते, तर त्यांनी येणे सोडून दिले असते. पण शांत करायला म्हणून गाव त्यांना त्याच वेळी रोट घालत होते. रमाकांतने तराफ्याकडे बघितले. मग म्हणाला, "म्हणजे आमीच पाळलां."

मी दुर्बीण खाली ठेवणार होतो. मासे पांगले होते. तेवढ्यात तराफ्याच्या खालून पाण्याला फुगवटा आला. पाणी फुटले नाही. ओठ नाहीत, पाठ नाही, बुडबुडा नाही, फेस नाही. पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा वर आला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तराफ्याला वळसा घालून गेला आणि बसला. त्याला आवाजही नव्हता. समोरच्या भिंतीनेही काही उत्तर दिले नाही. मोठा मासा पृष्ठभागाखालून जाताना पाणी असे उचलले जाते, पण त्याच्या मागे एक शेपटाची रेघ राहते. इथे रेघ नव्हती. तळातून सुटणारी हवा असती तर ती फुटली असती. मांगूर अंग वळवतो. हे वळले नाही. मी त्या दिवशी त्याबद्दल बोललो नाही. एकदा पाहिलेल्या गोष्टीला बातमी म्हणत नाहीत.

रमाकांतने रोट थांबवला. मासेच आहेत, तेही देवाचे, असे गावाला सांगितले. गावाने मानले. गुरुदासच्या आईने मानले नाही. ज्याने पाहिले त्यानेच येऊन सांगावे, असा तिचा निरोप आला. म्हणून मी पुन्हा गेलो. तिच्याकडे जाण्यापूर्वी एकटाच वरच्या पायरीवर बसून दुपार काढली. डबा वाजला, कटले आले, गेले. त्यानंतर फुगवटा आला, तसाच, त्याच बाजूने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः खाणीवर आली. पार्वतीकाकी, वय साठीच्या पुढे, काटक बाई, कुळागरात काम केलेले हात. पायरीवर माझ्यापासून थोडी दूर बसली. गुरुदास तिच्या मागे उभा होता, रमाकांत बाजूला.

"मासे बघपी तो तूच?"

"होय, काकी."

"माका एकूच सांग. ह्या माशांनी माझ्या झिलाक खालो काय?"

गेले कित्येक आठवडे गाव जे विचारत होते ते हे नव्हते. मगर आहे की राखणदार, हे तिने कधी विचारलेच नव्हते. पाण्यात काय आहे हे तिला आधीपासून माहीत होते. वसंतानेच घरी तिला त्या माशांबद्दल सांगितलेले असणार.

रमाकांत म्हणाला, "काकी, देवाचे मासे ते."

"देवाचे मासे काय उपाशी रवतत?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग मला: "एक धर. पोट काप आनी माका दाखय. वसंत पोटात नसलो तर हो धाकटो तराफ्यार जायत. आसलो तर ह्या पाण्याक आमच्यातलो कोण हात लावचो नाय."

"कापूक गाव दिवचो नाय," रमाकांत म्हणाला.

"मगे गावान देवाक विचारूचां, माझो वसंत खंय आसा तां."

मासा धरायचा नाही, कापायचा नाही, आणि तरी सांगायचे. मी जे पाहिले होते ते सांगितले. कटल्याच्या तोंडात दात नसतात. तो पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळून खातो. वरून पडला तर रोट, उंड्याचा तुकडा. माणसाला तो तोंड लावत नाही.

"तुवें तोंड बघलां?"

"बघितले. ओठ बघितले. चांगल्या उजेडात."

"सगळे तसलेच?"

हो म्हणता आले असते. गुरुदास माझ्याकडे बघत होता; त्यालाही बहुधा तेच हवे होते. पण तिने अंदाज विचारला नव्हता, पाहिलेले विचारले होते.

"एक सोडून," मी म्हणालो. "सगळे गेल्यावर एक येतो. तो मी दोनदा पाहिला. वर येत नाही, नुसते पाणी उचलतो. कसला ते ओळखता आले नाही. जाळे लावले तर कळेल."

ती पाण्याकडे बघत राहिली. वारा अजून सुटला नव्हता. समोरच्या भिंतीवरून मातीचा एक लहान गोळा सुटला आणि पाण्यात पडला. तो आवाज दोनदा ऐकू आला.

"नाका," ती म्हणाली. "तो वळखू नाका."

मग मान न वळवता तिने धाकट्याला सांगितले, "जा. दादाचो डबो घेवन ये."

"आये, तो हालवपाचो नाय मगे?"

"माका म्हायत आसा. जा."

गुरुदास उतरला. फळीवर पाय ठेवण्यापूर्वी त्याने वर बघितले. आईने हात हलवला, कोंबड्या हाकलताना हलवतात तसा. तो तराफ्यावर गेला. चपला ओलांडल्या. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी तोडली. डबा छातीशी धरून परत आला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिने झाकण उघडले. वाळलेली शिते तळाला चिकटली होती. तिने बोटाने एक खरवडून पाहिले, झाकण लावले आणि डबा पदराखाली घेतला.

कोणी उठले नाही. दुपार भरेपर्यंत थांबायचे असे कोणी म्हटले नव्हते, पण सगळे थांबले.

वारा पश्चिमेच्या वाटेने आला. पाण्यावर सुरकुती उमटली. तराफा थोडा हलला, दोर ताणला, सैल झाला. कठड्यावर सुतळीचे टोक फडफडत होते. टण झाले नाही. एकही कटला वर आला नाही. मी त्याच जागेवर नजर ठेवून होतो. एवढा वेळ गेला की माझी खात्री झाली: हाक नाही, म्हणून मासा नाही. काम संपले होते.

तेव्हा तराफ्याच्या खालून पाणी उचलले गेले. गुळगुळीत, आवाज नाही, फेस नाही. वाऱ्याच्या विरुद्ध त्याने तराफ्याला वळसा घातला. मग, आधीच्या दोन्ही खेपांना केले नव्हते ते केले: तराफा सोडून ते काठाकडे, आम्ही बसलो होतो त्या पायरीच्या खालपर्यंत आले आणि थांबले. त्या जागी पाणी काही क्षण काचेसारखे सपाट राहिले. भोवतीची सुरकुती त्याच्यावरून गेली नाही.

रमाकांतने माझ्याकडे बघितले. मी दुर्बीण डोळ्यांना लावली नव्हती आणि लावली नाही.

पार्वतीकाकी उभी राहिली. पदर सारखा केला, डबा काखेत घेतला. पाण्याकडे बघून, शेजारच्या घरातून निघताना बोलावे तशा आवाजात ती म्हणाली, "येतां हां, बाबा."

वाऱ्याची सुरकुती सपाट जागेवरून पुढे सरकली. पाणी सगळीकडे सारखे झाले.

"मोटर चालू कर," ती गुरुदासला म्हणाली. "कुळागरां सुकली लोकांची." तो फळीवरून गेला. मोटरने एकदा धाप टाकली, थांबली, मग धरली. नळी ताठ झाली. पाणी डोंगर चढून वर पोचेपर्यंत काकी खाणीकडे पाठ करून उभी होती. वरून कोणीतरी पाणी आले म्हणून ओरडले तेव्हा ती चालू लागली.